मूळ फोटोला हात लावायचा नाही

आक्का, काल दुपारी एक पोरगी मोठ्या चेकचा कुर्ता घालून फोटोला आली. नुकतीच क्लासला लागलेली, सोबत वडील, वडिलांच्या हातात परीक्षेच्या फॉर्मच्या सूचनांचा कागद चार घड्या घातलेला. मी काही बोलायच्या आत माझा हात आपोआप भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला आणि तुझा तो फिकट निळा शर्ट काढून मी तिला दिला. "हा वरून घाल," म्हणालो. तिने विचारलं, "का, काका?" उत्तर मला पाठ आहे. वीसेक वर्षं तुझ्या तोंडून ऐकलंय, "चेकच्या रेघा केबी खातात बाई, चेहऱ्याला काय ऱ्हातंय मग?" पण तुला जाऊन सोळाच दिवस झाले होते, आणि मी नुसती शर्टाची कॉलर सरळ करत राहिलो. शेवटी तिचे वडीलच म्हणाले, "घाल की, सर म्हणून राहिले तर." तिने घातला.

लोकांना आधी वाटायचं, ह्या बाईचं काहीतरी बिनसलंय. पोरं-पोरी एकाच शर्टात फोटो का काढते ही? मग तू त्यांना समोर बसवून सांगायचीस. फॉर्मवाल्यांनी फोटोला जागा मोजून दिलेली असते, पन्नास केबी म्हणजे पन्नास. त्यात शर्टाच्या चौकड्या, मागच्या पडद्याच्या चुण्या, कानातलं डूल, सगळ्यांना वाटा द्यावा लागतो. पडदा पांढरा सपाट, शर्ट साधा, म्हणजे उरलेलं सगळं डोळ्यांना आणि भुवयांना मिळतं. मी तुला चिडवायचो की लातुरातून शिकून गेलेले निम्मे डॉक्टर कागदोपत्री एकाच शर्टात आहेत, कधीतरी कोणी चौकशी लावेल. तू म्हणायचीस, लावू दे, चेहरे तर वेगळे दिसतील.

आपला अप्पांचा स्टुडिओ. अप्पा गेल्यावर आपण दोघं बहीण-भाऊ, तू आत कॉम्प्युटरवर, मी बाहेर काउंटरवर आणि कॅमेऱ्यामागे. बाहेर रस्ता बदलत गेला. समोरचं किराणा दुकान जाऊन तिथे क्लास आला, वर होस्टेल आलं, शेजारी मेस आली, आणि नांदेडपासून देगलूरपर्यंतची पोरं पाठीला दप्तर लावून आपल्या दारावरून जाऊ लागली. दुपारी दोनच्या सुमाराला रस्ता रिकामा व्हायचा, पंखा गरगरायचा, आणि आतून तुझ्या माऊसची टकटक यायची. अजूनही येते. मी काउंटरवर मान टेकून डोळे मिटले की येते. उठून आत जाऊन बघितलं तर खुर्ची रिकामी असते, आणि मी परत येऊन बसतो.

तुझी रीत किती साधी होती. आधी काप, मग लहान कर, मग दाब. या क्रमाने. मी घाईत उलटं करायचो. अख्खा फोटो आधी दाबायचो आणि मग कापायचो, तर चेहऱ्याभोवती घाण उठायची, कानाच्या कडेला दाणे दिसायचे. तू माझ्या हातून माऊस काढून घ्यायचीस. "काय करून राहिलास शिवा? भिंत आनि डोळा एकाच भावात दाबतूस व्हय?" मग मुळातून नवी प्रत काढायची, खांद्यापर्यंत कापायची, फॉर्मला हवे तेवढे पिक्सेल ठेवायचे, कडा किंचित धारदार करायच्या आणि शेवटी ती क्वालिटीची पट्टी एकेक घर खाली सरकवायची. प्रत्येक घराला थांबून फोटो खऱ्या आकारात बघायचा, फक्त डोळे. पापण्यांचे केस वेगळे दिसेनासे झाले की एक घर वर. एखादं पोरगं मोबाईलवरून मोबाईलवर दहा ठिकाणी फिरून आलेला फोटो घेऊन आलं, की तू तो लांबूनच ओळखायचीस आणि त्याला स्टुलावर बसवून नवा काढायला लावायचीस. एकदा सेव्ह केलेला फोटो पुन्हा पुन्हा सेव्ह केला, तर दर खेपेला थोडं गळतं, हे तुझं आवडतं व्याख्यान होतं. ऐकणाऱ्याला घाई असायची, पण तुला नसायची.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचो, आक्का, कोणाला दिसतंय एवढं? फॉर्म तपासणारा कधी पापण्या मोजतो का? तू म्हणायचीस, "मला दिसतंय न्हवं." एकदा मी एकाच फोटोच्या तीन प्रती छापल्या, चांगली, मध्यम आणि पार दाबलेली, आणि पत्त्यांसारख्या पिसून तुझ्यापुढे टाकल्या. पार दाबलेली तू बरोबर ओळखलीस, उरलेल्या दोन्हींत फसलीस. मी अख्खा रस्ता ऐकेल इतका हसलो. तू चष्मा पुसत म्हणालीस, "मला दिसलं न्हाई म्हंजे ते गेलंच न्हाई, असं हाय का?" मी चहा सांगितला.

हल्ली दुपारी डोळा लागला की मला ती जुनी डार्करूम दिसते. लाल दिवा, पाण्याचा थंड वास, आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर वर येणारे चेहरे. आधी डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, मग केसांची रेघ, मग कुंकू. स्वप्नात ते चेहरे वर येतात आणि थांबत नाहीत. ते पाण्यातून उठून बाहेर चालत जातात, आणि बाहेर रस्त्यावर क्लासची पोरं चाललेली असतात त्यांच्यात मिसळतात, आणि मग कोण कुठलं ते मला सांगता येत नाही. तू चिमट्याने कागद हलवत असतेस, वर बघत नाहीस. मी हाक मारतो, तू म्हणतेस थांब, अजून पूर्ण आला नाही.

भूकंपानंतरचा तो हिवाळा. मी दहावीत, तू विशीत. आपल्या पायऱ्यांवर माणसं येऊन बसायची, रुमालात, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले फोटो घेऊन. मातीतून काढलेले, कोपरे खाल्लेले. बहुतेक लग्नाचे किंवा शाळेचे, चाळीस माणसांचे, आणि त्यात तिसऱ्या रांगेत एक चेहरा तुरीच्या डाळीएवढा. तेवढाच मोठा करून द्या. दुसरा फोटोच नव्हता, कधी काढलाच नव्हता. अप्पा कॅमेऱ्याने त्या फोटोचा फोटो घ्यायचे, तू एन्लार्जरखाली तो चेहरा ओढून पोस्टकार्डाएवढा करायचीस आणि मग बारीक ब्रश घेऊन त्यावरचे ओरखडे भरायचीस. एका माणसाच्या बायकोचा चेहरा मोठा करताना नुसता धुरकट ठिपका झाला. मी शहाणपणा करत म्हणालो, पापण्या काढ ना आक्का, ओठ जरा उठव, छान दिसेल. तू ब्रश खाली ठेवलास. "शिवा, त्याला मी काढलेली बाई नको. त्याला त्याची बायको पायजे." आणि तो धुरकट फोटो तसाच दिलास. त्या माणसाने फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाला, हीच. एवढंच म्हणाला आणि गेला.

त्या सगळ्या निगेटिव्ह तू बिस्किटांच्या डब्यांत ठेवल्या होत्यास. कॉम्प्युटर आला, स्कॅनर आला, तेव्हा दोन हिवाळे बसून तू त्या एकेक करून आत घेतल्यास. मग एका पावसाळ्यात डब्यांना बुरशी लागली आणि स्कॅन आहेत या भरवशावर आपण त्या टाकून दिल्या. कॉम्प्युटरवर तुझी तीन कपाटं होती, फोल्डरला तू कपाटच म्हणायचीस. मूळ, काम, फॉर्म. मूळ कपाटात कोणी काम करायचं नाही. तिथून प्रत घ्यायची, कामात आणायची आणि तिथे काय ती मोडतोड करायची. मूळ फोटोला हात लावायचा नाही, हा या दुकानाचा एकच कायदा, आणि तो तू कागदावर लिहून मॉनिटरच्या डोक्यावर चिकटवला होतास.

आता सांगतो, आक्का. तुला सांगायचं राहिलेलं ते हेच. मेडिकलच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती, दारात रांग लागली होती आणि मूळ कपाटाची डिस्क भरली म्हणून कॉम्प्युटर अडून बसला होता. तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस. मी जागा करायला म्हणून भूकंपाचं ते सगळं कपाट उचलून दुसऱ्या डिस्कवरच्या कामात टाकलं, संध्याकाळी नव्या डिस्कवर नेऊ म्हणून. आणि विसरलो. तासाभराने पोरांचे फोटो एका झटक्यात लहान करायचा हुकूम दिला, कामातले सगळे, आहे त्याच नावाने. ती निळी पट्टी पुढे सरकत राहिली, सरकत राहिली. एवढे तर फोटो नाहीत आपल्याकडे, असं मला वाटलं, आणि तेव्हा कळलं. मी पट्टी थांबवली नाही असं नाही. थांबवली तेव्हा शेवटचे दोन उरले होते, आणि तेही कोऱ्या भिंतीचे, तू स्कॅनर तपासायला घेतलेले.

सगळे चेहरे टपाल-तिकिटाएवढे झाले. मोठे करून बघितले तर नुसते चौकोन. लहान फाईल मूळच्या जागी बसली की मूळ परत येत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. मी ते कपाट 'जुनी बिलं' असं नाव देऊन एका कोपऱ्यात सारलं, पुसायची हिंमत झाली नाही. तू परत आलीस, गाल सुजलेला, तोंडात कापूस. मी म्हणालो, डिस्क गेली आक्का. आणि ड्रॉवरमधली एक बंद पडलेली डिस्क काढून पुरावा म्हणून तुझ्यापुढे ठेवली. तू ती हातात घेतलीस, वजन केल्यासारखी. "सगळंच?" मी म्हणालो, सगळंच. "बरं," म्हणालीस आणि पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसलीस, गिऱ्हाईक बसतं तिथे. दातामुळे बोलत नसशील, अशी मी माझी समजूत घातली. इतका हलका माणूस झालो होतो मी त्या दिवशी.

त्यानंतर तू महिन्यातून एखाद्या गुरुवारी निलंग्याची एसटी धरू लागलीस. मैत्रिणीकडे जाते म्हणायचीस. खांद्याला तो मोठा कॅमेरा, बॅगेत काळं कापड. मैत्रिणीकडे कॅमेरा कशाला हे मी विचारायला हवं होतं. पण मी तुझी थट्टा करत बसलो. "आक्का, निलंग्यात कुणी बघून ठेवलंय का? आम्हाला तरी दाखव." तू हसून म्हणायचीस, "दाखवीन. घाई करू नकोस." संध्याकाळी धुळीने माखून यायचीस, पाय चेपत बसायचीस, आणि चेहऱ्यावर असं काही असायचं की मला खरंच वाटायचं, कोणीतरी आहे.

आणि तू मला किती वाटा मोकळ्या ठेवल्यास, ते मला आता मोजता येतंय. नव्या आलेल्या ऑपरेटर मुलीला शिकवताना तू नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणायचीस, "चूक झाली तर सांगून टाकायची, मी वरडत न्हाई." मी काउंटरवर पाकिटांत फोटो भरत असायचो. एकदा तर सरळ विचारलंस, "शिवा, तुझं काई सांगायचं ऱ्हायलंय का?" मी म्हणालो, हाव, पडदा धुवायला टाकायचा राहिलाय. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा विचारशील म्हणून मी वाट बघत होतो. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, शप्पथ. पण तू फक्त माझा हात धरून पडून राहिलीस आणि खिडकीतून येणारं ऊन बघून म्हणालीस, "उजेड चांगला हाय इथं."

तुझ्या मातीला तीन म्हाताऱ्या बाया आल्या होत्या, दूरच्या गावच्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनी तुझ्या कपाळावरच्या विभूतीला हात लावला, मग माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि निघून गेल्या. कोण असतील, असं मी घरी विचारत राहिलो. त्याचं उत्तर चार दिवसांपूर्वी तुझ्या कपाटात सापडलं. साड्यांखाली शाळेतली लांब वही आणि एक डिस्क.

वहीत प्रत्येक ओळीला एक चेहरा चिकटवलेला आहे, तिकिटाएवढा. माझेच ते, 'जुनी बिलं'मधले. त्या आकाराला सगळे स्वच्छ दिसतात, एकही दोष नाही. पुढे गावाचं नाव, घराची खूण आणि तुझी बरोबरची खूण. डिस्कवर भूकंपानंतर वसवलेल्या गावांमधल्या भिंती आहेत. त्या हिवाळ्यात तू मोठे करून दिलेले फोटो लोकांनी तीस वर्षं भिंतीवर जपले होते, आणि तू घरोघर जाऊन, ते उतरवून, काच काढून, दारातल्या उजेडात पुन्हा टिपले होतेस. मोठे, न कापलेले, न दाबलेले. कपाटाचं नाव मूळ. आणि प्रत्येक फोटोला नंबर तोच, माझ्या बिलांमधला. मग मला ती बंद डिस्क आठवली. ती तूच दोन वर्षं आधी बाद करून ड्रॉवरमध्ये टाकली होतीस. म्हणजे दातात कापूस धरून तू माझ्यासमोर उभी होतीस तेव्हाच तुला माहीत होतं.

मला तुझा राग आला, आक्का. खरं सांगतो, फार आला. एकदा ओरडायचं होतंस. थोबाडीत द्यायची होतीस. इतकी वर्षं माझी लबाडी सांभाळून, धुळीत फिरून, वर माझ्या थट्टेला हसायचीस, हा काय प्रकार? मी वही आपटली, मग ती उचलून कपाळाला लावली. तू असतीस तर म्हणाली असतीस, एक काहीतरी कर. दोन्ही खरं होतं. माझ्यासारख्या माणसाला अशी बहीण मिळायला नको होती, आणि मिळाली.

वहीतल्या शेवटच्या दोन पानांवर बरोबरच्या खुणा नाहीत. त्यांतली पहिली ओळ अशी आहे. रुक्मिणबाई, फोटो लेकीकडे उदगीरला, संक्रांतीनंतर आणून ठेवते म्हणाली. चेहरा एका शाळकरी मुलीचा, दोन वेण्या, रिबिनी. आज सकाळी मी दुकान त्या ऑपरेटर मुलीवर टाकलं आणि तुझाच कॅमेरा घेऊन एसटीत बसलो. करडईची पिवळी रानं मागे जात होती आणि मला सारखं वाटत होतं की शेजारच्या सीटवर तू खिडकीकडे बसली आहेस आणि मी उगाच कंडक्टरला एकच तिकीट मागितलं.

त्या गावचे रस्ते सरळ, घरं एकासारखी एक. कडुलिंबाचं झाड आणि निळा दरवाजा, एवढीच खूण तू लिहिली होतीस, तेवढी पुरली. रुक्मिणबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. कॅमेरा बघून उठल्या आणि माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"आक्का न्हाई आल्या?"

मी सांगितलं. त्या पुन्हा खाली बसल्या. सुपातली ज्वारी हाताने सारखी करत राहिल्या. मग आत जाऊन फोटो घेऊन आल्या. मी तुझ्यासारखं केलं. काच काढली, दारात सावलीच्या कडेला फोटो उभा केला, मागे काळं कापड धरायला त्यांनाच उभं केलं, फ्लॅश बंद, श्वास रोखून. शाळेच्या रांगेतून तू उचललेली पोरगी. तीस वर्षांत जरा पिवळी पडलेली. डोळ्यांजवळ तुझ्या ब्रशची एक बारीक रेघ दिसली, ओरखडा भरलेली. त्यापुढे तू काही घातलं नव्हतंस.

चार फोटो घेतले. परत निघता आलं असतं. पण माझे पाय उंबऱ्यापाशी थांबले आणि मी म्हणालो, "बाई, हा फोटो आमच्याकडे होता. चांगला होता. माझ्या हातनं गेला. मी आक्काला डिस्क खराब झाली म्हणून सांगितलं. ती खराब झाली नव्हती." एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली, आणि बोललो तेव्हा ऐकायला तू नव्हतीस.

रुक्मिणबाई फोटोकडे बघत होत्या.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "आक्कांनी समद्यांला सांगून ठिवलं व्हतं. माझ्या भावाच्या हातनं झालंय म्हनल्या. लेकरावानी जीव हाय त्याच्यावर. त्यो येईल एक दिवस आनि सोताहून सांगंल, तवर कुनी त्याला इचारायचं न्हाई. जरा टाईम लागतो म्हनल्या त्याला."

त्यांनी काच परत बसवली, पदराने पुसली, फोटो खिळ्याला अडकवला आणि तो सरळ आहे का ते मागे सरून बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"लई टाईम लावला बगा तुमी."